उंबरमाळचा हिरवा ठिपका

राब भाजल्याचा वास आला की माझं डोकं फिरायला लागतं. वास तसा वाईट नाही. कडावच्या बाजूने वारा सुटला की वाळका पाला, शेण आणि गवत जळाल्याचा तो वास कर्जतच्या बाजारापर्यंत येतो आणि जुनी माणसं नाक वर करून म्हणतात, झाली सुरुवात. त्यांच्यासाठी ती भाताच्या रोपांची सुरुवात असते. माझ्यासाठी टंचाईची.

यंदा वास आला त्याच दुपारी फोनही आला. पलीकडे सायली होती. ज्या कचेरीत मी पूर्वी कंत्राटी ऑपरेटर होते तिथे आता माझ्या खुर्चीवर ती बसते. स्वतःची ओळख करून देऊन ती चाचरत म्हणाली, "मॅडम, टंचाईच्या नकाशातले ठिपके हाताने रंगवताच येत नाहीत. क्लिक केलं की नुसतं चित्र सिलेक्ट होतं. साहेब म्हणतात, मागच्या बाईंनी काहीतरी करून ठेवलंय."

मागच्या बाईंनी करून ठेवलंय हे खरं आहे. आणि ते करताना मागच्या बाईंना वाटलं होतं की आपण फार मोठी लढाई जिंकलो.

कचेरीचं नाव लिहीत नाही. भीती नाही, पण नाव लिहिलं की वाचणारे त्या एका कचेरीला नावं ठेवून मोकळे होतात, आणि बाकीच्या कचेऱ्या पंख्याखाली निवांत. तालुक्यातली कचेरी, एवढं पुरे. भिंतीवर पालीचा कायमचा मुक्काम, खिडकीबाहेर गुलमोहर, आणि आत कूलरच्या नावाखाली गरम वारा फेकणारा एक पत्र्याचा डबा. उन्हाळ्याच्या तोंडावर मी तिथे लागले तेव्हा माझ्या हातात एक फाइल दिली गेली. त्यात तालुक्याचा नकाशा होता आणि नकाशावर प्रत्येक गावासाठी, प्रत्येक वाडीसाठी एक गोल ठिपका. हिरवा म्हणजे पाणी आहे, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे टँकर पाठवा. आढावा बैठकीत हा नकाशा पडद्यावर लावायचा आणि लाल ठिपक्यांना आधी टँकर द्यायचे, अशी पद्धत.

ठिपके भाऊसाहेब रंगवायचे. भाऊसाहेब म्हणजे आमचे जुने कारकून, निवृत्तीला आलेले, शर्टाच्या खिशात कायम बडीशेपेची पुडी. माणूस वाईट नव्हता. नवीन उन्हाळा आला की मागच्या उन्हाळ्याची फाइल काढायची, वर साल बदलायचं, आणि फोन येतील तसे ठिपके रंगवायचे. सरपंचाचा फोन आला की ठिपका पिवळा. त्याच्याही वरच्या कुणाचा आला की लाल. ज्या वाडीकडून फोन आलाच नाही, ती मागच्या वर्षीच्या रंगातच राहायची. शेजारच्या शीटमध्ये ग्रामसेवकांनी पाठवलेले विहिरींचे आकडे असायचे, पाणी किती फूट उरलं त्याचे. त्या आकड्यांचा आणि ठिपक्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एका छपराखाली राहून न बोलणाऱ्या भावांसारखे ते शेजारी शेजारी होते.

मला हे सहन होणं शक्य नव्हतं. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात होते आणि कामगारांच्या मागण्यांची पत्रकं आमच्या घरात घड्या घालायला यायची. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदावर छापलेली. शाई ओली असली की बोटं काळी व्हायची. इतर मुलं बाराखडी गिरवत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' गिरवत होते. बाबांचा एकच नियम होता. पत्रकात विशेषणं कमी, मागणी ठळक. विशेषणाला कुणी घाबरत नाही, म्हणायचे, मागणीला घाबरतात.

तर माझी मागणी ठळक होती. ठिपक्याचा रंग आकड्यावरून ठरला पाहिजे. कुणाच्या बोटावरून आणि कुणाच्या फोनवरून नाही.

मागणी सोपी असते, मान्य व्हायलाच वेळ लागतो. इथे तर मागणी माणसाकडे नव्हती, शीटकडे होती, आणि शीट साहेबांपेक्षा हट्टी निघाली. सेलचा रंग आकड्याप्रमाणे बदलतो, ते कुणालाही येतं. पण सेलवर ठेवलेला ठिपका, तो शेप, ढिम्म असतो. खाली आकडा शून्य होवो नाहीतर शंभर, तो आपला ज्याने रंगवला त्याच्याशी इमानी. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर. मॅक्रो लिहा. म्हणजे छोटा प्रोग्रॅम लिहून फाइलमध्ये बसवा. आणि आमच्या कचेरीतल्या सगळ्या यंत्रांवर मॅक्रो वरूनच बंद होते. सुरक्षेसाठी. कशाची सुरक्षा ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅक्रोवाली फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी यायची आणि फाइल मुकी व्हायची.

मग मी ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. बाहेर करवंदांचे द्रोण घेऊन बाया ओरडत जायच्या, उन्हाने खिडकीचे गज तापायचे, आणि मी ठिपक्यांशी भांडत असायचे. आधी ठिपके आतून पारदर्शक केले, म्हणजे खालच्या सेलचा रंग त्यांच्यातून दिसावा. दिसला, पण गोल ठिपक्याबाहेर सेलचे चार कोपरे उघडे पडले आणि नकाशाला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. मग सेलमध्येच ठिपक्याचं चिन्ह टाईप केलं, अक्षराचा रंग बदलतो म्हणून. ते चालायचं, पण नकाशावर गाव जिथे आहे तिथे सेल असतोच असं नाही. पळसदरीचा ठिपका धरणाच्या पाण्यात जाऊन बसला. भाऊसाहेब बडीशेप चघळत म्हणाले, "पळसदरीला टंचाई नाय हे मात्र तुमी पक्कं केलंत." मला हसू आलं नाही. आता येतं.

शेवटी जमलं ते असं. बाजूच्या शीटमध्ये तीन सेलमध्ये तीन ठिपके ठेवले, लाल, पिवळा, हिरवा. मग नकाशावर ठिपक्याऐवजी एक चित्र चिकटवलं, आरशासारखं. त्या आरशाने कुठल्या सेलकडे बघायचं ते एक फॉर्म्युला ठरवणार. पाणी कमी असलं तर लाल ठिपक्याच्या सेलकडे बघ, जास्त असलं तर हिरव्याच्या. आकडा बदलला की आरसा मान वळवतो. मॅक्रो नाही, परवानगी नाही, पिवळी पट्टी नाही.

पहिल्यांदा मी आकडा बदलला आणि नकाशावरचा ठिपका डोळ्यांदेखत लाल झाला तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. भाऊसाहेब खुर्ची ओढून आले, आणि मग त्यांनीच आकडे बदलून बघायला सुरुवात केली. लाल, हिरवा, पिवळा. लहान मुलासारखे हसत होते. मग खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "म्हंजे आता माजं काम नाय." मी पत्रकी थाटात म्हणाले, की भाऊसाहेब, आता रंग माणूस भरणार नाही. आता खोटं बोलताच येणार नाही.

हे वाक्य मी साहेबांच्या केबिनमध्येही म्हणाले. सर्वांसमोर. माझ्या तोंडाला कुलूप नसतं हा माझ्या घराण्याचा दोष आहे.

आदल्या रविवारी मी उंबरमाळला गेले होते. उंबरमाळ ही ठाकर आदिवासींची वाडी, डोंगराच्या कुशीत. खालच्या डांबरी रस्त्याने जाताना एका वळणावर शनिवार-रविवारच्या लोकांचा एक मोठा बंगला लागतो, फाटकावर बोगनवेल, आत निळी टाकी, तीत पोरं डुंबत असतात. त्या फाटकासमोरून वाडीचा कच्चा रस्ता वर चढतो. वर विहीर. विहिरीत पाणी नव्हतंच. तळाच्या खडकात एक फट होती, तिच्यातून पाझर यायचा. सोमीमावशी आत उतरून बसलेली होती, वाटीने तो पाझर कळशीत भरत. वर बाया आपापल्या पाळीची वाट बघत बसलेल्या. वाटी खडकावर घासल्याचा आवाज वरपर्यंत यायचा. ती आतूनच बोलायची, आवाज घुमायचा, आणि बाया हसायच्या. मला म्हणाली, "तू कचेरीतली ना गं? मंग तुला पानी पाजाया पायजेल. थांब, वाटी भरंपत्तुर." ती वाटी मी प्याले. मातीची चव होती आणि गार होतं.

त्या वाटीसाठी मी ठिपक्यांशी भांडत होते, हे मला नकाशा चालू होईपर्यंत नीटसं कळलं नव्हतं. म्हणून नकाशा चालू झाल्यावर मी पहिल्यांदा उंबरमाळ शोधलं.

उंबरमाळ हिरवं होतं.

नुसतं हिरवं नाही, तर पावसाळ्यातल्या शेतासारखं हिरवं. शेजारच्या माळावरची वाडी लाल, त्याच्या खालचं गाव पिवळं, आणि मध्ये उंबरमाळ हिरवंगार. मला वाटलं आरसा चुकीच्या सेलकडे बघतोय. फॉर्म्युला तपासला, बरोबर होता. मग आकड्यांच्या शीटमध्ये उंबरमाळचा सेल बघितला. तिथे आकडा नव्हता. ग्रामसेवकाने एक शब्द लिहून पाठवला होता. निरंक.

कचेरीत ज्याने एकदा काम केलं त्याला हा शब्द पाठ असतो. अहवालात काही सांगण्यासारखं नसलं की रकाना रिकामा ठेवायचा नाही, निरंक लिहायचं. तक्रारी, निरंक. अपघात, निरंक. विहिरीतलं पाणी, निरंक. बिचाऱ्याने खरं तेच लिहिलं होतं. पाणी काहीच नाही. पण शीटचा एक नियम आहे. आकड्याची शब्दाशी तुलना केली तर कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. म्हणून 'निरंक' हा शब्द वीस फुटांपेक्षाही खोल. शंभर फुटांपेक्षाही. ज्या वाडीत पाण्याचा थेंब नाही तिच्या विहिरीत शीटच्या मते तालुक्यातलं सगळ्यात जास्त पाणी होतं.

शब्द आकड्यापेक्षा मोठा असतो, हे मी लहानपणापासून मानत आले. माणसांची दुःखं आकड्यांत मावत नाहीत, असं एका पत्रकाच्या डोक्यावर मीच लिहिलं होतं. त्या दुपारी तो विश्वास माझ्यासमोर हिरवा होऊन बसला होता.

दुरुस्ती सोपी होती. निरंकच्या जागी शून्य. एक कळ दाबायची. मी दाबली, ठिपका लाल झाला, आणि मी साहेबांना सांगायला गेले, कारण बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि टँकर त्या बैठकीत वाटले जाणार होते. साहेब मऊ बोलणारे होते. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मऊ माणूस उशीसारखा असतो, ठोसा मारला की आत जातो. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडा कुणी बदलला?"

मी म्हणाले, मी. निरंक म्हणजे शून्यच.

"ग्रामसेवकाने शून्य लिहिलंय?"

"नाही. पण मी विहीर बघून आलेय साहेब."

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, आता रंग माणूस भरणार नाही म्हणून? आपोआप हिरवा आला होता. मग आता माणूस मध्ये का येतोय?"

चहाचा कप माझ्या हातात होता. बाहेर गुलमोहरावर कावळा ओरडत होता. मला उत्तर येत होतं, अजूनही येतं. आपोआप काहीच येत नाही साहेब, आरसा कुठे बघणार ते मी सांगितलं, आणि मी सांगायला चुकले तर आरशाला दोष नाही आणि वाडीलाही नाही. हे सगळं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की तुमचं बरोबर असेल, ग्रामसेवकाला पत्र पाठवा, तो दुरुस्त आकडा कळवील, तोपर्यंत मूळ माहिती जशीच्या तशी ठेवा. मी ठेवणार नाही म्हटलं. तर भाऊसाहेबांकडे सकाळची, मी आकडा बदलण्याआधीची फाइल पेन ड्राइव्हमध्ये होती. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ती लागली. वरच्या कुणीतरी नकाशाचं कौतुक केलं. अगदी निःपक्षपाती, म्हणाले.

भाऊसाहेब रंगवायचे तेव्हा निदान भाऊसाहेबांना विचारता येत होतं. त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसता येत होतं, चार बाया आणून ओरडता येत होतं, की हा ठिपका तू हिरवा का केलास. आता कुणाला विचारणार? हा विचार मला आजही झोंबतो. मी माणसाचा हात काढला, पण त्याबरोबर धरायला एक हात होता तोही काढला.

पत्र गेलं. ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेलेले होते, मग लग्नाच्या रजेवर. त्यांचं उत्तर आलं तेव्हा राबाच्या जागी रोपं वीतभर वाढली होती आणि उंबरमाळच्या विहिरीत बेडूक ओरडत होते. मधल्या काळात सोमीमावशी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी भेटायला गेले तर हाताला बांबूच्या कामट्या बांधून ओटीवर बसलेली. झालं ते सगळं मी तिला सांगितलं. आरसा, सेल, शब्द, आकडा. लपवण्यासारखं काही नव्हतं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, निरंक म्हंजे काय गं? मी म्हटलं, काहीच नाही असं.

"मंग त्यानं खरंच लिवलं व्हतं की," ती म्हणाली. "पानी नाय, आसंच लिवलं व्हतं. आन तरी तुमाला कळलं नाय?"

पावसाळ्यानंतर माझं कंत्राट वाढलं नाही. मी कारण विचारणारा अर्ज दिला. त्याचं उत्तर निरंक.

हे सगळं सायलीचा फोन कानाला लावून मला आठवत होतं. ती बिचारी वाट बघत होती. मी तिला विचारलं, ठिपका हाताने रंगवायचा कशाला आहे? ती म्हणाली की साहेबांना दोन-तीन ठिपके पिवळे करून हवेत, लाल फार दिसतंय म्हणून. साहेब नवीन आहेत, मागणी जुनीच. मी म्हणाले, ते होणार नाही, आणि ते होऊ नये म्हणूनच तसं केलंय. पण तू एक कर. पाण्याचा रकाना वरून खालपर्यंत बघ, आणि आकडा नाही असा सेल कुठे आहे ते सांग.

ती बघत होती तेवढा वेळ फोनमध्ये त्याच कूलरची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाली, "आहेत मॅडम. निरंक लिहिलंय. काही ठिकाणी नुसती रेघ आहे. आणि..." माउसची टिकटिक ऐकू आली. "हे सगळे हिरवे आहेत."

उंबरमाळ त्यात होतं.

मी तिला फॉर्म्युल्यात एक अट घालायला सांगितली. आधी बघ, सेलमध्ये आकडा आहे का. नसेल तर ठिपका लाल. जिथे माहिती नाही तिथे लाल, जिथे शब्द आहे तिथे लाल, जिथे रेघ आहे तिथे लाल. संशयाचा फायदा वाडीला मिळाला पाहिजे. ती घाबरली. तिचंही कंत्राट आहे, तिच्याजवळ कर्जतच्या भाड्याच्या खोलीत धाकटी बहीण शिकायला आहे, हे तिनेच सांगितलं. मी तिला तू धीट हो वगैरे काही म्हणाले नाही. दुसऱ्याच्या पगारावर धीट होणं सोपं असतं. एवढंच म्हणाले की कुणी विचारलं तर माझं नाव सांग, मागच्या बाईंनी करून ठेवलंय म्हण. ते खोटंही नाही.

संध्याकाळी तिने पडद्याचा फोटो पाठवला. डोंगराच्या कडेने लाल ठिपक्यांची माळ. उंबरमाळ लाल. खाली तिने लिहिलं होतं, साहेबांनी क्लिक करून बघितलं, रंगेना, मग सोडून दिलं.

बाबांना फोटो दाखवला. आता त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा लावून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि विचारलं, टँकर निघाला? मी म्हटलं, लाल झालंय बाबा. ते म्हणाले, ते दिसतंय, टँकर निघाला का?

परवा मी उंबरमाळला गेले. बैठक झाली आहे, उंबरमाळचं नाव यादीत आहे, कागद सहीला गेलाय, असं सायली सांगते. सही कुठल्या टेबलावर आहे ते तिला माहीत नाही. वाडीतल्या बायांनी हंडे, कळश्या आणि निळे ड्रम खालच्या वळणावर आणून ओळीत लावलेले आहेत, बंगल्याच्या फाटकासमोर, कारण टँकर आला तर वर चढणार नाही. सोमीमावशीचं मनगट वाकडंच बसलंय. त्या हाताने तिने मला जागा करून दिली आणि मी दगडावर बसले. भाजलेल्या राबांचा वास होता. बोगनवेल फुललेली होती. बाया कुणाच्या तरी हळदीतल्या फजितीवर हसत होत्या.

मग खालून चढावर गाडीचा आवाज आला. जड गाडी, गिअर बदलत येणारी. बायांनी माना वळवल्या. वळणावरून टँकर दिसला, मागून पाणी गळत होतं, रस्त्यावर ओली रेघ पडत होती. दोघी-तिघी हंडे घेऊन उठल्या. मीही उठले. मला वाटलं, सही झाली. वाटलं, आरसा शेवटी बरोबर जागी बघायला लागला.

टँकर आमच्याजवळ आला, वेग कमी केला, आणि बंगल्याच्या फाटकाकडे वळला. आतल्या माणसाने फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. त्याला फोन गेला असणार.

"बसा गं," सोमीमावशी म्हणाली. "तो आपला नाय."

बाया बसल्या. मी उभीच राहिले.